बिळांचे जीवाश्म : परिसर-निरीक्षणाचा एक पाठ

प्राण्यांच्या अस्थींप्रमाणेच त्यांची बिळे व पाउलखुणाही खडकात टिकून राहतात. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात दोन कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे मळसूत्री दगडी स्तंभ आढळतात. काही माणसाहूनही उंच आहेत. १८९२ साली अर्विन बार्बर यांनी ते प्रचंड स्पंज असावेत असे मत मांडले. पुढे त्यांत पॅलिओकॅस्टर नावाच्या लहान बीव्हरचे सांगाडे मिळाले. तथापि, आत सांगाडा सापडला म्हणजे ते बीळ त्याच प्राण्याने खोदले, असे सिद्ध होत नाही. १९७७ साली मार्टिन व बेनेट यांनी भिंतींवरील चरे त्याच्याच पुढच्या दातांचे असल्याचे दाखविले, तेव्हा पुरावा पूर्ण झाला.

हीच विचारपद्धती मुलांस शिकविता येते. शिक्षकांनी त्यांस ओढ्याकाठी नेऊन खेकड्यांची बिळे दाखवावीत. बिळाचे तोंड, रुंदी, बाहेर टाकलेली माती व पायांच्या खुणा यांची नोंद करवावी. वहीत दोन रकाने असावेत : ‘काय दिसले’ आणि ‘त्यावरून काय वाटले’. या दोहोंतील भेद मुलांस कळला, तर पाठ सफल झाला.

बिळात सापही असू शकतो. म्हणून कोणासही त्यात हात घालू देऊ नये.