शेअरिंग बंद पडलं म्हणून दार सताड उघडं टाकू नकोस

अगं, सगळ्यात आधी एक ऐक. हे तुझ्या हातून बिघडलेलं नाही. ऑफिसात अपडेट झालं की सकाळी पहिला प्रश्न येतो, ‘काल शेवटी मशीन कोणी बंद केलं?’ आणि अकाउंट्स सांभाळणारी मुलगी निमूटपणे ऐकून घेते. तू ऐकून घेऊ नकोस. टॅलीचा डेटा असलेलं मेन मशीन दिसेनासं झालं, झेड ड्राइव्हवर लाल फुली आली, स्कॅनर फोल्डरमध्ये पानं टाकेना, यामागे बहुतेक वेळा विंडोजने ठरवून केलेला बदल असतो. तो समजला की निम्मी भीती तिथेच जाते.

एका मशीनचं फोल्डर दुसऱ्या मशीनवर उघडतं ते एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलमुळे. आपल्याकडच्या कित्येक छोट्या ऑफिसांत हे वर्षानुवर्षं बिनपासवर्डचं चालत आलं. कुणीही लॅनला जोडलं की ‘गेस्ट’ म्हणून आत. ऑक्टोबर २०२४ मध्ये विंडोज ११चं २४एच२ आलं आणि त्याच्या प्रो आवृत्तीने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. गेस्ट म्हणून कुठल्याही मशीनवर जायचं नाही, आणि दोन मशीनमधल्या प्रत्येक देवाणघेवाणीवर डिजिटल सही हवी. मधल्यामध्ये कुणी डेटा बदलला, किंवा तुझं मेन मशीन असल्याचं सोंग घेतलं, तर सही जुळत नाही आणि ते पकडलं जातं. ही सही पासवर्डच्या आधाराने बनते. गेस्टला पासवर्डच नसतो, तो सही कशाची करणार?

म्हणूनच स्क्रीनवर ‘ऑर्गनायझेशन्स सिक्युरिटी पॉलिसीज’ असलं काहीतरी लांबलचक येतं. आपलं चार टेबलांचं ऑफिस, कुठली ऑर्गनायझेशन आणि कुठली पॉलिसी, असं वाटून गोंधळू नकोस. समोरचं मशीन नाव न विचारता आत घेतंय आणि तुझं विंडोज तसं जायला तयार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता खरं सांगायचंय ते हे. २० तारीख तोंडावर आलेली असते, जीएसटीचा थ्रीबी रिटर्न भरायचा असतो, साहेब डोक्यावर उभे असतात. अशा वेळी हार्डवेअरवाला येतो, फायरवॉल बंद करतो, फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ देतो आणि जुनं एसएमबी वन पुन्हा चालू करतो. फोल्डर उघडतं, सगळे खूश होतात. तू मात्र तेव्हाच त्याला थांबव. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, ब्रिटनमधली सरकारी रुग्णालयं अडकली, तो याच एसएमबी वनमधल्या त्रुटीतून. तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले. त्यानंतर जूनमध्ये नॉटपेट्या आला. त्यानेही पसरायला तीच त्रुटी वापरली, आणि आपल्या न्हावा-शेवाच्या बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम त्यात ठप्प झालं. तुझ्या मेन मशीनवर पार्ट्यांचे पॅन, बँकेचे तपशील, पगारपत्रकं आहेत. लोकांनी विश्वासाने दिलेली ही कागदपत्रं आहेत गं, ती अशी उघड्यावर टाकायची नाहीत.

मग करायचं काय? क्रमाने जा, घाई करू नकोस.

आधी नेटवर्क बघ. अपडेटनंतर किंवा राउटर बदलल्यावर विंडोज कधीकधी ऑफिसचं नेटवर्क ‘पब्लिक’ धरतं आणि तुझं मशीन इतरांपासून लपवतं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ कर आणि ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ चालू आहे ना, ते पाहा. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे मेन मशीनचा आयपी पत्ता टाक. पत्त्याने फोल्डर उघडलं पण नावाने नाही, तर अडचण फक्त नाव ओळखण्याची आहे; मेन मशीनचा आयपी पक्का करून घे आणि ड्राइव्ह त्याच पत्त्याने जोड.

पत्त्यानेही उघडलं नाही, तर मेन मशीनवर शेअरिंगसाठी एक वेगळं लोकल खातं तयार कर. साधं नाव, नीट पासवर्ड. पासवर्ड रिकामा ठेवू नकोस, कारण रिकाम्या पासवर्डचं खातं विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. पुष्कळ जणी इथेच अडतात. दुसरी अडायची जागा पिनची. मशीन चालू करताना आपण चार आकडे टाकतो, ते नेटवर्कवर चालत नाहीत. तिथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो. फोल्डरवर परवानगी देताना ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ हे दोन्ही टॅब बघ. एकात दिली आणि दुसऱ्यात राहिली, तर ‘अॅक्सेस डिनाइड’ येणारच.

आता प्रत्येकीच्या मशीनवर क्रेडेन्शियल मॅनेजर उघड आणि मेन मशीनचा पत्ता, खातं, पासवर्ड तिथे एकदाच नोंदव. खात्याच्या आधी मेन मशीनचं नाव आणि एक उलटी तिरपी रेघ टाक, नाहीतर विंडोज ते नाव आपल्याच मशीनवर शोधत बसतं. हे झालं की रोज पासवर्ड विचारला जाणार नाही, आणि ‘हिने कटकट वाढवली’ असं कुणी म्हणणारही नाही.

राहिला जुना झेरॉक्स-स्कॅनर. त्याच्या सेटिंगमध्ये एसएमबी टू किंवा थ्री आहे का, फर्मवेअर अपडेट मिळतं का, हे कंपनीच्या माणसाला विचार. नसेल तर ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर स्कॅन कर. एका म्हाताऱ्या मशीनसाठी अख्खं ऑफिस धोक्यात घालायचं नाही.

आणि ‘अपडेटच काढून टाकू’ या सल्ल्याला भुलू नकोस. मागे जायची सोय साधारण दहा दिवसच राहते, आणि विंडोज १०ला सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं. मागे जाऊन राहायला आता जागा उरलेली नाही. त्यापेक्षा मोठं अपडेट महिनाअखेरीला किंवा रिटर्नच्या आठवड्यात येऊ देऊ नकोस. ते पुढे ढकलता येतं. आधी डेटाचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घे आणि डिस्क काढून कपाटात ठेव. मशीनला जोडलेलीच राहिली, तर व्हायरस तिलाही सोडत नाही.

हे सगळं एका वहीत लिहून ठेव: कुठल्या मशीनचा काय पत्ता, कुठलं खातं कुठे लावलंय. पासवर्ड मात्र वहीत नको. पुढच्या वेळी कुणी विचारलं, ‘कोणी बिघडवलं?’, तर वही पुढे कर आणि ठामपणे सांग: काही बिघडलेलं नाही, मशीन नाव विचारतंय आणि ते विचारायलाच हवं. हे काम तुला जमण्यासारखं आहे. या शनिवारी दुपारीच बस आणि उरकून टाक.