अभ्यासपाठ : “स्वतःबद्दल सांगा” म्हटल्यावर काय सांगायचं?



या वेळचा पाठ मुलाखतीचा आहे. तुम्ही म्हणाल, मुलाखती पोरीबाळींच्या, आम्हाला काय करायचंय? पण तुमच्यातल्या किती जणींच्या लेकी, सुना यंदा बारावी, बी.ए., बी.कॉम., नर्सिंग करून नोकरी शोधताहेत, ते तुम्हालाच माहीत आहे. त्यांची तयारी घ्यायला गावात क्लास नाही. तो क्लास तुमच्या ओट्यावर होऊ शकतो. कसा, ते एका घरात घडलेल्या गोष्टीवरून सांगते. घर कोणाचं ते लिहीत नाही, कारण त्या ताईंना मी तसा शब्द दिला आहे.

पेठ तालुक्यातलं गाव. ग्रामसंघाची बैठक संपली आणि एका ताईंनी मला थांबवलं. लेक नाशिकला वसतिगृहात राहून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. आठ दिवसांनी सातपूरच्या एका कंपनीत हिशोबाच्या कामासाठी तिची मुलाखत होती. “ताई, हिची जरा प्रॅक्टिस घ्या. घरात पटापटा बोलते, बाहेर गेली की तोंडच उघडत नाही.”

आम्ही ओट्यावर बसलो. ताई बाजूला सुपात नागली पाखडत होत्या. मी म्हटलं, “स्वतःबद्दल सांगा.” पोरगी उभी राहिली आणि मोबाईलवरून पाठ केलेलं म्हणायला लागली. ‘माय नेम इज’ पासून ‘आय ॲम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल’ पर्यंत, एका दमात. मी विचारलं, “गाव कुठलं?”

“नाशिक.”

“नाशिकमध्ये कुठं?”

“पंचवटी.” वसतिगृह पंचवटीत आहे, म्हणून पंचवटी.

“शाळा कुठं झाली?”

“तिकडंच.”

शाळा तिकडची नव्हती. पहिली ते दहावी ती आश्रमशाळेत शिकली होती, गावापासून डोंगरापलीकडं. सुपाचा आवाज थांबला. ताई म्हणाल्या, “गाव लपवलंस म्हंजे मलाबी लपवलंसच की गं.” रागानं नाही म्हणाल्या, हळूच म्हणाल्या. पोरीनं मान खाली घातली.

मी तिला बोलले नाही, कारण मीही हेच केलं होतं. कॉलेजात असताना पहिल्या मुलाखतीत मी माझ्या गावाऐवजी तालुक्याचं नाव सांगितलं. समोरचे गृहस्थ नेमके त्याच गावचे निघाले. “कुठल्या गल्लीत?” म्हणाले. मी अडखळले. त्यानंतर मी खरं सांगितलेलंही त्यांना खरं वाटलं नसणार. खोटं छोटं असलं तरी पकडलं गेलं की पुढची वीस मिनिटं वाया जातात, हा त्यातला व्यवहाराचा भाग.

पण दुसरा भाग मोठा आहे, तो त्या संध्याकाळी कळला. मी तिला गुण विचारायचं सोडून दिलं. शाळेत सकाळी उठल्यापासून काय काय करायचीस, ते विचारलं. मग हळूहळू निघालं. आश्रमशाळेत पुस्तकांची एक पेटी होती. आठवीपासून त्या पेटीची वही तिच्याकडं. कोणी कुठलं पुस्तक नेलं, कधी परत आणलं, सगळं तिच्या हातचं. आणि सुट्टीत घरी आली की आईच्या गटाचं दप्तर लिहायची. बचत वही, कर्ज वही, रोख वही, बारा जणींची पासबुकं. एकदा हातातली रोकड वहीपेक्षा 200 रुपयांनी जास्त भरली. रात्री बसून तिनं बाराही पासबुकं वहीशी ताडून पाहिली, तेव्हा सापडलं की एका ताईंचा हप्ता पासबुकावर लिहिला होता पण कर्ज वहीत चढवायचा राहिला होता.

मी म्हटलं, “अगं, मुलाखत हिशोबाच्या कामाची आहे. हे का नाही सांगितलंस?”

“ते काय सांगायचं ताई, ते तर गावातलं.”

ताई, पाठ इथं आहे. मुलाखत घेणाऱ्यासमोर दिवसभरात बरीच मुलं येतात आणि बहुतेक सगळी हार्डवर्किंग असतात. चूक शोधायला रात्री पासबुकं ताडून बघणारी मात्र एखादीच. आणि ती गोष्ट गाव आणि शाळा वगळली तर सांगताच येत नाही. मग आम्ही तिचं उत्तर तिच्याच शब्दांत पुन्हा बांधलं:

“मी पेठ तालुक्यातली. पहिली ते दहावी आश्रमशाळेत, तिथंच राहून शिकले. शाळेच्या पुस्तकांच्या पेटीची नोंदवही आठवीपासून मी सांभाळली. आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आईच्या बचत गटाचं दप्तर सुट्टीत मी लिहिते. एकदा रोख वहीत 200 रुपयांचा फरक आला होता, तो मी शोधून काढला. तसंच काम मला पुढं करायचंय.”

पाऊण मिनिट सुद्धा लागत नाही.

आता एक इशारा. गाव सांगायचं म्हणजे गावचं रडगाणं सांगायचं नाही. पावसाळ्यात आपल्याकडं धो धो पाऊस, आणि होळी झाली की विहिरी तळाला. हे खरंच आहे. पण “आमच्याकडं पाणी नाही, फार हाल होतात” एवढंच सांगितलं तर समोरच्याला कीव येईल. किवेवर नोकरी मिळत नाही आणि मिळाली तरी टिकत नाही. “पहाटे पाणी भरून मी पहिली एसटी पकडायचे, कॉलेजचा तास चुकवला नाही” असं सांगितलं तर त्यात मुलगी काय करू शकते ते दिसतं. उलट टोकाला “आमचं गाव फार सुंदर, निसर्गरम्य” हेही नको. ते निबंधात ठीक आहे. शाळेचंही तसंच. “आमची शाळा एक नंबर” म्हणण्यापेक्षा शाळेनं हाताला लावलेलं एक काम सांगावं. मग शाळा जिल्हा परिषदेची असो की आश्रमशाळा, ऐकणारा ऐकतो.

आपल्याच जिल्ह्यातली कविता राऊत आठवा. हरसूल भागातल्या सावरपाड्याची. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर धावण्यात तिनं कांस्यपदक आणलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. लोक तिला काय म्हणतात? सावरपाडा एक्सप्रेस. त्या पाड्याचं नाव आधी किती जणांनी ऐकलं होतं? आणि चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ घ्या. पाण्यासाठी वणवण करणाऱ्या भागातला मुलगा, सैन्यात जाऊन नौका चालवायला शिकला आणि 2016 ला रिओ ऑलिम्पिकला गेला. त्याच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण त्याच्या गावापासूनच सुरुवात करतो.

भाषेचं विचारतात बऱ्याच जणी. पोरीच्या बोलण्यात कोकणी हेल येतो, हसतील का? कधी कधी हसतात, खोटं कशाला सांगू. पण घाबरून मोडकं इंग्रजी बोलण्यापेक्षा “मी मराठीत सांगितलं तर चालेल का?” असं सरळ विचारावं. इंग्रजी लागणारंच काम असेल तर ते शिकावं लागेल, त्याला पर्याय नाही. दुसरा नेहमीचा प्रश्न, “लग्न झाल्यावर नोकरी सोडणार का?” चिडू नये, लाजू नये. “मला काम करायचंय आणि घरच्यांशी तसं बोलणं झालंय,” एवढं पुरे. मात्र ते बोलणं घरात खरंच झालेलं असावं. ताई, ते तुमच्याकडं लागलं.

आणि तुमच्या स्वतःच्या मुलाखती? बँकेत पहिल्या कर्जाला गेलात तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, पैसे कशाला, फेडणार कसे, गटात किती जणी? तुम्ही दिलेलं उत्तर म्हणजे मुलाखतच होती. बँक सखी किंवा समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून निवड होते तेव्हाही तेच. तिथं पंचसूत्री पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा तुमच्या गटात कोणाची परतफेड थकली आणि तुम्ही ती कशी मार्गी लावली, ते सांगा.

सराव असा घ्या. पुढच्या बैठकीत शेवटची वीस मिनिटं ठेवा. दोघी जणी साहेब व्हा, मुलीला दारातून आत येऊ द्या. वाचता न येणाऱ्या ताईनं तर जरूर साहेब व्हावं. आवाज कुठं पडला, नजर कुठं चुकली ते तिला आपल्याआधी कळतं, हे मी पाहिलंय. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून मुलीलाच ऐकवा. हसायचं असेल तर नंतर.

जायच्या आदल्या दिवशी फाईल बघा. मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार, सगळ्यांच्या दोन दोन झेरॉक्स आणि फोटो. सातपूर, अंबडला जायचं तर नाशिकच्या स्टँडवर उतरून पुन्हा गाडी बदलावी लागते, तो वेळ धरा. लांबच्या गावची असेल तर आदल्या रात्री नातेवाईकांकडं राहिलेलं बरं. आणि मुलाखतीआधी कोणी नोंदणीचे, ट्रेनिंगचे, युनिफॉर्मचे पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका, आधी मला फोन करा.

त्या मुलीला सातपूरची नोकरी मिळाली नाही. तिला टॅली येत नव्हतं, त्यांना टॅली येणारीच हवी होती. पण बाहेर आल्या आल्या तिनं आईला फोन केला आणि सांगितलं की साहेबांनी गटाच्या दप्तराबद्दल तीन प्रश्न विचारले, आणि गावाचं नाव नीट लिहून घेतलं. ताईंनी मला हे दोनदा सांगितलं. आता ती टॅली शिकतेय आणि दिवाळीनंतर दुसरीकडं मुलाखत आहे.

तुमच्या गावात कोणाची मुलाखत ठरली असेल तर बैठकीच्या वहीत नाव आणि तारीख लिहून ठेवा. गावात येईन तेव्हा मी पण साहेब होऊन बसेन.