ताईला ऐकू गेलं पाहिजे

सांगली,
कार्तिकी एकादशी

चि. ओंकार,


काल रात्री ताईचा फोन आला होता. "हा सात पेट्या घेऊन येणार म्हणतोय. ठेवू कुठे मी त्या, देवघरात?" फोन ठेवला आणि तू पाठवलेला फोटो पुन्हा नीट बघितला. एकाच खोक्यात सात स्पीकर, एक सबवूफर आणि वर ठळक अक्षरांत १२०० वॅट. बोनसच्या सत्तर हजारांतले निम्मे वाचतात म्हणून तू खुशीत आहेस. तो खोका घेऊ नकोस. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

मीही एकदा असाच फसलो होतो. खोक्यावर हजार वॅट पीएमपीओ असं छापलेलं. घरी आणून पाठीमागची पट्टी वाचली, तर अडॅप्टर १२ व्होल्ट, ३ अँपिअर. गुणाकार कर, ३६ वॅट. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हापासून पेटी उलटी करून वाचल्याशिवाय मी पाकिटाला हात लावत नाही. आरएमएस (सलग देता येणारी ताकद) किती, ओहम किती, सेन्सिटिव्हिटी (एका वॅटमागे आवाज) किती, एवढं विचार. विक्रेता "साउंड एकदम भारी आहे सर" म्हणाला की दुसऱ्या दुकानात जा. शिवाय अशा खोक्यांचे प्लग बहुधा त्यांच्यापुरतेच असतात. पुढे एक स्पीकर चांगला घ्यावासा वाटला तरी जोडता येत नाही.

आता मूळ मुद्दा. तीस वर्षं मी नाटकांच्या दौऱ्यांवर माईक आणि स्पीकर सांभाळले. आमची परीक्षा घेणारा प्रेक्षक शेवटच्या रांगेत बसायचा. शब्द पोचला नाही की पहिल्या पाच मिनिटांत अंधारातून हाक यायची, "आवाऽऽज!" तुझ्या घरात ती हाक ताई मारते. सिनेमात कुणी हळू बोललं की "काय म्हणाला रे तो?" तू आवाज वाढवतोस, पुढच्याच दृश्यात गाडी उलटते आणि खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात. ताईचे कान ठीक आहेत. सिनेमाचा आवाज थिएटरसाठी बांधलेला असतो, कुजबूज आणि स्फोट यांत मुद्दाम मोठं अंतर ठेवून. आणि तुझ्या पातळ टीव्हीचे चिमुकले स्पीकर जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसलेत.

फाइव्ह पॉइंट वनमध्ये, म्हणजे पुढे तीन, मागे दोन आणि एक सबवूफर अशा मांडणीत, बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. म्हणून पैसे आधी पुढच्या तिघांवर घाल: डावा, उजवा, मधला. तिघे एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले हवेत. नाहीतर माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालतो आणि मधे आला की त्याचा आवाज बदलतो, जणू वाटेत सर्दी झाली. सेंटर न घेताही डाव्या-उजव्यातून मधे आवाज उभा राहतो, पण तो नेमक्या मधे बसलेल्यालाच. ताई तर कडेच्या खुर्चीत बसते.

सेंटर म्हणून दुकानात आडवी पेटी दाखवतील, मधे ट्विटर आणि दोन्ही बाजूंना वूफर. दिसायला टीव्हीखाली छान. पण कडेला बसलं की दोन वूफरचा आवाज कमी-जास्त अंतर कापून कानाशी येतो, एकमेकांना खातो आणि शब्द पोकळ होतात. तुझा टीव्ही भिंतीवर आहे, खाली जागा आहे. तिसरा स्पीकर डाव्या-उजव्यासारखाच घे आणि उभा ठेव. पेटी कपाटाच्या कप्प्यात आत ढकलू नकोस, कडेला आण आणि खाली लाकडाची पट्टी सारून तिचं तोंड ताईच्या कानाकडे वळव.

उंच टॉवर स्पीकरचा मोह सोड. दहा बाय पंधराच्या हॉलमध्ये पाच किंवा साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ पुरेत. अॅम्प्लिफायरमध्ये त्यांना 'स्मॉल' म्हणून नोंदव आणि ८० हर्ट्झखालचं काम सबवूफरकडे दे. टॉवर घेऊन हेच करायचं असेल तर त्याच्या पोटातल्या जादा वूफरचे पैसे वाया.

वॅटच्या मागेही लागू नकोस. सत्तर-ऐंशी वॅटचा आकडा बहुधा दोनच स्पीकर चालवून मोजलेला असतो, आणि घरात बहुतेक वेळ एक-दोन वॅटच लागतात. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर ताकद दुप्पट लागते. म्हणजे ८७ सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला १०० वॅट देऊन जे मिळेल, ते ९० वाल्याला ५० मध्ये. स्पीकर ८ ओहमचे घे, स्वस्तातल्या अॅम्प्लिफायरला ते झेपतात. एकूण पैशांतला साधारण तिसरा हिस्सा अॅम्प्लिफायरला जाऊ दे. त्यात दोन गोष्टी बघ: सेंटरचा आवाज वेगळा वाढवता येतो का, आणि स्फोट दाबून कुजबूज वर आणणारा नाइट मोड आहे का. सेंटर २-३ डेसिबल वर घेतला आणि रात्री तो मोड लावला की ताईचं आणि खालच्या काकांचं, दोघांचंही भागतं.

सबवूफर पुढच्या वर्षी घेतलास तरी बिघडणार नाही. तोवर तिघांना 'लार्ज' ठेव, फक्त आवाज बेताने. विसर्जनाच्या डीजेवर तुझे कान घडलेत, तुला पटणार नाही. पण तुझा सोफा भिंतीला चिकटलेला आहे. दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण ५६ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो आणि नेमका भिंतीशी सर्वांत जोरात लागतो. सोफा दीड फूट पुढे ओढ, गुरगुर कमी होईल, फुकटात. सबवूफर आणलास की आधी तो सोफ्यावर, तुझ्या जागेवर ठेव. एखादं सलग खर्जाचं गाणं लाव आणि खोलीच्या कडेकडेने रांगत फिर. जिथे खर्ज एकसारखा ऐकू येईल, तीच त्याची जागा. ताई हसेल, हसू दे.

मागचे दोन सर्वांत शेवटी, आणि स्वस्तातले. ते मागच्या भिंतीवर नको, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, बसलेल्याच्या कानाच्या फूट-दोन फूट वर. तिथून पाऊस, गर्दी, पाखरं येतात. मुंबईला मिनर्व्हात 'शोले' बघितला तेव्हा स्टिरिओफोनिक म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. घोड्यांच्या टापा कुठून आल्या म्हणून मी मान वळवली होती. ती मजा खरीच. पण गब्बर काय म्हणाला ते आधी कळलं होतं.

जुने स्पीकर मिळाले तर घ्यायला माझी हरकत नाही. फक्त कोनच्या कडेची वळी बोटाने हलकेच दाबून बघ. रबराची असेल तर टिकते. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत तिचा काही वर्षांत भुगा होतो. अॅम्प्लिफायर मात्र जुना नको, त्याचं एचडीएमआय तुझ्या टीव्हीशी जुळेलच असं नाही.

तपकीर गल्लीतल्या दुकानांत स्पीकर ऐकायला जाशील तेव्हा धमाक्याचा सिनेमा नेऊ नकोस. ताईच्या आवडीच्या नाटकाचं रेकॉर्डिंग ने. दोन स्पीकर तोलताना आवाज सारखा करून घे, कारण जो मोठ्याने वाजतो तोच गोड लागतो आणि हे दुकानदाराला आपल्याआधी माहीत असतं.

सोनेरी, जाड, हजारो रुपयांची वायर तो गळ्यात मारेल. घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएम तांब्याची वायर पुरते. दहा मीटर जाऊन यायला पाव ओहमसुद्धा लागत नाही. जोडताना लाल-काळं उलटं झालं तर आवाज पातळ होतो आणि माणूस नेमका कुठून बोलतोय ते कळेनासं होतं. शंका आली तर अॅम्प्लिफायरकडची टोकं सोडवून त्यांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकव. लाल वायर सेलच्या अधिक टोकाला लावल्यावर वूफरचा पडदा बाहेर उडी मारतो. आत गेला, तर वायर उलटी आहे.

वायर मात्र विकत घेऊ नकोस. माझ्याकडे पाऊण बंडल उरलंय, पुढच्या रविवारी घेऊनच येतो. ताईला सांग, देवघराला धोका नाही.

तुझा,
मामा