सामाईक भिंत

"या सुट्टीत आमच्या पोळीत राहावयास ये," असे आत्याने पत्रात लिहिले होते. ते वाचून मी पोट धरून हसलो. पोळी ही खाण्याची वस्तू; तीत माणसांनी राहावयाचे कसे? परंतु २००४ सालच्या मे महिन्यात मी बाबांबरोबर अहमदाबादला गेलो, तेव्हा माझ्या हसण्याचे मलाच हसू आले. पंधरा दिवस मी पोळीत राहिलो. त्या दिवसांत एका भिंतीने मला जे शिकविले, ते आज सांगतो.

स्टेशनावरून निघालेली रिक्षा एका उंच लाकडी दरवाजापाशी थांबली. "आता पुढे पायी," रिक्षावाला म्हणाला. दरवाजाच्या माथ्यावर एक लहानशी खोली होती. पूर्वी तेथे पहारेकरी राहत असे आणि रात्री दरवाजा बंद करीत असे. आत पाऊल टाकले मात्र, आणि मला वाटले, आपण दुसऱ्याच ऋतूत शिरलो! बाहेर डांबर वितळेल असे ऊन होते. आत मात्र गार सावली होती. गल्ली इतकी अरुंद, की समोरून माणूस आला तर अंग चोरावे लागे. दोन्ही बाजूंस दोन-तीन मजल्यांची घरे खांद्याला खांदा लावून उभी होती. दोन घरांमध्ये बोटभरही फट नव्हती. वरचे मजले नक्षीदार लाकडी हातांवर पुढे आलेले; त्यामुळे गल्लीवर आपोआप छत्र धरल्यासारखे झाले होते.

आत्याच्या सासऱ्यांना सारेजण अण्णा म्हणत. ते निवृत्त शिक्षक होते. प्रश्न विचारला की त्यांना आनंद होई. पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी मला पोळीचा इतिहास सांगितला.

"सुलतान अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या काठी हे शहर वसविले," ते म्हणाले. "तटाच्या आत वस्ती वाढत गेली, तशा या पोळी तयार झाल्या. संस्कृतात प्रतोली म्हणजे वेस किंवा दरवाजा; त्या शब्दावरून पोळ हे नाव आले. एक दरवाजा, एक मुख्य गल्ली, तिला फुटलेल्या लहान गल्ल्या आणि त्यांतील सारी घरे मिळून एक पोळ होते. पोळीचे पंच असत आणि सामाईक निधीही असे. कोणास घर विकावयाचे असेल, तर पंचांना विचारल्यावाचून विकता येत नसे."

"आणि आपण मराठी माणसे येथे कशी आलो?" मी विचारले.

अण्णा हसले. "अठराव्या शतकात पेशवे आणि गायकवाड यांनी हे शहर जिंकले. १८१७ च्या सुमारास इंग्रजांचा अंमल येईपर्यंत कारभार त्यांच्याकडे होता. रायखडात गायकवाडांची हवेली आजही आहे. पुढे नोकरीच्या, वकिलीच्या निमित्ताने आणखी मराठी माणसे आली. गणेश वासुदेव मावळंकर येथेच वकिली करीत. ते या शहराच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि १९५२ साली लोकसभेचे पहिले सभापती झाले. आपले घराणे काही एवढे मोठे नव्हे. पण चार पिढ्या याच ओट्यावर बसलो आहोत."

ते घर मला फार आवडले. दर्शनी भाग जेमतेम दोन खोल्यांच्या रुंदीचा, पण आत जावे तितके ते खोल होत जाई. आधी ओटा, मग देवडी, मग उघडा चौक, चौकापलीकडे झोपाळा टांगलेली पडवी आणि शेवटी अंधारी, थंड माजघर. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असल्यामुळे खिडक्या ठेवावयास जागाच नव्हती. उजेड आणि वारा चौकातून येई. तापलेली हवा चौकातून वर निघून जाई आणि गल्लीतील गार हवा दारातून आत ओढली जाई. भर दुपारीही पडवीत बसवत असे.

चौकातील फरशीवर पितळेचे एक गोल झाकण होते. ते उघडून आत्याने मला खाली डोकावावयास सांगितले. अंधारात पाणी चमकले. आपल्या गडांवर पाण्याची टाकी असतात ना, तसेच ते टाके होते. मात्र घराच्या पोटात बांधलेले. पहिल्या पावसाने छप्पर धुऊन निघाले, की पुढचे पाणी नळीवाटे टाक्यात सोडीत. अंधारामुळे ते पाणी वर्षभर टिके. घरोघर नळ आल्यावर पुष्कळांनी टाकी बुजविली. अण्णांनी आपले टाके राखले होते.

पोळीत वाहनाचे काम पडत नसे. सकाळी आत्या पायांत चपला सरकवून निघे आणि पाव तासात भाजी, दूध, पूजेची फुले घेऊन परत येई. मी अण्णांबरोबर माणेक चौकात जाई. तो चौक दिवसातून तीन वेळा वेष पालटतो. सकाळी तेथे गाईंना चारा घालतात, दुपारी सोन्याचांदीचा बाजार भरतो आणि रात्री खाद्यपदार्थांचे ठेले लागतात. जवळच १४२४ साली बांधलेली जामा मशीद आहे. वाटेत चबुतरे लागत. एका उंच खांबावर नक्षीचे लहानसे घर. त्यात पोळीतले लोक पाखरांसाठी दाणे टाकीत. एका चौकात गुजराती कवी दलपतराम यांच्या घराचा दर्शनी भाग पुन्हा उभारला आहे, आणि ओट्यावर कवीचा पुतळा असा बसविला आहे, की येणाऱ्याजाणाऱ्याने क्षणभर टेकून त्याची विचारपूस करावी.

पायी जाणाऱ्याला थांबता येते. चार दिवसांत मला साऱ्या पोळीची नावे कळली, आणि पोळीला माझे. "नाशिकचा पाहुणा" म्हणून म्हाताऱ्या बाया मला हाक मारीत. मी कोठे गेलो, काय खाल्ले, हे माझ्याआधी आत्याला समजे! याचा मला कधी रागही येई. शेजार म्हणजे सावली खरी. पण सावलीत एकांत थोडाच असतो?

माझा अंथरूण घालण्याचा कोपरा दुसऱ्या मजल्यावर, उजवीकडच्या भिंतीला लागून होता. त्या भिंतीवर एक मोठा तपकिरी डाग होता. एके दुपारी चाळा म्हणून मी त्यावर बोट दाबले. गिलाव्याचा पोपडा गळून पडला. आत विटांच्या थरांमध्ये एक आडवी तुळई होती. तिच्यावर बोट टेकताच लाकडाचा भुगा माझ्या हातावर सांडला.

मी घाबरून अण्णांना हाक मारली. वाटले, आता बोलणी बसणार. परंतु अण्णा रागावले नाहीत. चष्मा लावून त्यांनी तो भुगा चिमटीत घेतला आणि हळूच म्हणाले, "वाळवी."

शेजारचे घर चार वर्षांपासून बंद होते. तेथील कुटुंब नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहावयास गेले होते. छपराची कौले फुटली होती, आणि पावसाचे पाणी दोन घरांमधील त्या एकाच भिंतीत मुरत होते. हे घर एक व्यापारी विकत घेऊन, पाडून, तेथे गोदाम बांधणार असल्याचीही कुणकुण होती.

अण्णांनी निरोप धाडला. रविवारी शेजारचे गृहस्थ आले. ते अण्णांना काका म्हणत. चहा झाल्यावर अण्णांनी विषय काढला, तेव्हा त्यांचा चेहरा ओढला गेला.

"काका, मी हौसेने गेलो नाही," ते म्हणाले. "बांना हा उभा जिना चढवत नव्हता. एका रात्री त्यांना खुर्चीत बसवून दरवाजापर्यंत उचलून न्यावे लागले, कारण गाडी आत येत नाही. मुलांची शाळा तिकडे, माझे काम तिकडे. येथे येऊन कौले पाहावयास मला सवड कोठली? घर माझे आहे. ठेवावयाचे की पाडावयाचे, ते मला ठरवू द्या."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "घर तुझे आहे, त्यात शंका नाही. भिंत मात्र दोघांची आहे. चल, वर ये."

वरच्या खोलीत अण्णांनी त्यांना ती तुळई दाखविली. "तीन वर्षांपूर्वीचा भूकंप आठवतो ना? २६ जानेवारी २००१. या शहरात नव्या, उंच इमारती कोसळल्या, कितीतरी माणसे गेली. आपली जुनी घरे बहुतेक उभी राहिली. का? विटांच्या भिंतीत या लाकडी पट्ट्या आहेत. धक्का बसला की त्या थोड्या वाकतात, पण भिंतीला फुटू देत नाहीत. आणि एक घर कलले, तर दुसरे त्याला खांदा देते. तुझ्या तुळया या भिंतीवर टेकल्या आहेत आणि माझ्याही. तू तुझे घर पाडलेस, तर माझे घर अर्धे उघडे पडेल. मी ही भिंत सडू दिली, तर तुझे विकण्याजोगे घरही उरणार नाही."

ते गृहस्थ बराच वेळ भिंतीवर हात ठेवून उभे राहिले. मग अचानक म्हणाले, "विरजण संपले की बा या भिंतीवर तीनदा ठोकीत. काकू इकडून वाटी घेऊन ओट्यावर येत." आणि त्यांनी बोटाच्या पेराने भिंतीवर तीन टकटका दिल्या. पलीकडच्या रिकाम्या खोलीतून अर्थातच कोणी उत्तर दिले नाही.

पाऊस तोंडावर आला होता. दुसऱ्याच आठवड्यात दोन्ही घरांची शाकारणी झाली. सुताराने वाळवीने खाल्लेली तुळई कापून काढली आणि सागाची नवी जोडली. खर्च निम्मा-निम्मा केला. मी विटा वाहून नेण्याचे काम केले, आणि माझ्या अपराधाची, म्हणजे पाडलेल्या पोपड्याची, भरपाई झाली असे मानले! शेजारच्या गृहस्थांनी घर विकण्याचा विचार तूर्त बाजूस ठेवला आणि ते एका शिंप्याच्या कुटुंबाला थोड्या भाड्याने दिले. अट एकच घातली: दर ज्येष्ठात छपरावर चढून कौले पाहावयाची.

पुढे २०१८ साली मी पुन्हा त्या पोळीत गेलो. अण्णा आता नव्हते. आदल्याच वर्षी, २०१७ च्या जुलैत, युनेस्कोने अहमदाबादच्या जुन्या शहराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली होती. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर. महानगरपालिकेने १९९७ साली सुरू केलेल्या वारसा-फेरीतील पाहुणे सकाळी पोळींतून हिंडत होते आणि लाकडी नक्षीची छायाचित्रे घेत होते. मला अभिमान वाटला. परंतु पोळीच्या टोकाची दोन घरे गोदामे झाली होती. तेथे ओट्यावर कोणी बसत नव्हते, आणि सांजवेळी तेवढी गल्ली काळोखी दिसत होती. ज्या घरात दिवा लागत नाही, त्याची कौले कोण पाहणार?

रात्री जेवणे आटोपल्यावर आत्याने दूध तापवून निवत ठेवले, फडताळ उघडले आणि कपाळावर हात मारला. विरजण संपले होते. ती उठली आणि भिंतीपाशी जाऊन तिने तीनदा ठोकले. मी कान देऊन ऐकत राहिलो. पलीकडून तीन टकटका आल्या. थोड्याच वेळात शिंप्याची मुलगी वाटी घेऊन ओट्यावर उभी होती.

शब्दार्थ

सामाईक – दोघांच्या किंवा अनेकांच्या मालकीचे. देवडी – दरवाजाच्या आतील लहान जागा. तुळई – भार पेलणारे आडवे लाकूड. गिलावा – भिंतीला दिलेला लेप. शाकारणी – पावसाळ्यापूर्वी छपराची केलेली दुरुस्ती. फडताळ – भिंतीतील कपाट. विरजण – दूध लावून दही करण्यासाठी घेतलेले थोडे दही किंवा ताक.

स्वाध्याय

१. 'पोळ' हा शब्द कोणत्या संस्कृत शब्दापासून आला? त्याचा अर्थ काय?

२. खिडक्या थोड्या असूनही पोळीतील घर उन्हाळ्यात थंड का राहत असे?

३. भूकंपात जुनी घरे बहुतेक उभी राहिली, याची अण्णांनी कोणती कारणे सांगितली?

४. "घर तुझे आहे, भिंत मात्र दोघांची आहे." हे वाक्य कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी म्हटले?

५. शेजारच्या गृहस्थांच्या कोणत्या अडचणी तुम्हांस खऱ्या वाटतात? त्यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते?

६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : खांद्याला खांदा लावणे, अंग चोरणे, कुणकुण असणे, तोंडावर येणे.

७. तुमच्या गावात किंवा वस्तीत सामाईक असलेल्या एखाद्या गोष्टीची (विहीर, पार, जिना, अंगण) माहिती वडीलधाऱ्यांना विचारा. तिची देखभाल कोण करते, ते दहा ओळींत लिहा.