कालपट काढताना

दोन वर्षांपूर्वी आमच्या इतिहास मंडळाच्या प्रदर्शनासाठी मी दख्खनचा एक कालपट काढला होता. ड्रॉइंग पेपरवर आडवी रेघ, तिच्यावर सारख्या अंतरावर बारा टिंबे आणि प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरांत सन व घटना. पट देखणा होता, पाहणाऱ्यांनी वाखाणलाही. तो साफ चुकला आहे हे कळायला प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न पुरला. "सर, बहमनी राज्य स्थापन झाल्यावर लगेचच आदिलशाही आली का?"

दोष तिचा नव्हता. बहमनी राज्याची स्थापना १३४७ ची, आदिलशाहीचा उदय १४९० चा. मध्ये १४३ वर्षे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा आणि निधन १६८० चे, मध्ये सहा. माझ्या पटावर दोन्हीकडे अंतर चार बोटेच! सन खरे होते, पण रेघ खोटे सांगत होती. आणि पाहणारा आधी रेघच पाहतो.

हे गणित इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली याने १७६५ मध्येच मांडून ठेवले आहे. प्राणवायूच्या शोधाशी ज्याचे नाव जोडले जाते, तोच हा. पण तेव्हा तो वॉरिंग्टन येथे शिक्षक होता. सुमारे दोन हजार थोर माणसांची आयुष्ये त्याने एका तक्त्यावर आडव्या रेघांनी दाखवली. जितके आयुष्य तितकी रेघ. जन्ममृत्यूचा सन नक्की नसेल तेथे रेघेऐवजी ठिपके. आपले अज्ञानही प्रमाणात दाखवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

तेव्हा दुसरा पट आम्ही मापाने काढला. पाच वर्षांना एक सेंटिमीटर. १३३६ ते १९६१ ही ६२५ वर्षे सव्वा मीटरात बसली. घटनांची टिंबे काढून टाकली आणि राज्यांचे पट्टे एकाखाली एक घेतले. आदिलशाही १४९० ते १६८६, म्हणजे सुमारे ३९ सेंटिमीटर. विजयनगरचा पट्टा कोठे थांबवावा यावर कन्नड विभागाच्या प्राध्यापकांशी तासभर वाद झाला. मी १५६५ च्या लढाईशी कात्री लावली होती. त्यांचे म्हणणे, राजधानी गेली तरी राजघराणे पेनुकोंडा, चंद्रगिरी येथे पुढे नांदलेच ना? ते बरोबर होते. १५६५ नंतर पट्टा बारीक केला, पण तोडला नाही.

सर्वांत लांब पट्टा गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा निघाला. १५१० ते १९६१, ४५१ वर्षे, ९० सेंटिमीटर! तो रंगवत असताना वसतिगृहातला पेडण्याचा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या गावात ते एवढी वर्षे नव्हते."

येथे मला शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याचा १८६९ चा नकाशा आठवला. नेपोलियनच्या १८१२ च्या रशियन स्वारीचा तो आहे. नीमेन नदी ओलांडणारे ४,२२,००० सैनिक दाखवणारा रुंद पट्टा मॉस्कोला पोचेपर्यंत १,००,००० वर येतो आणि परतताना १०,००० चा दोरा उरतो. खाली थंडीचा आलेख. लांबीबरोबर रुंदीलाही बोलते केले की काय होते ते त्यात दिसते. (काळाचे प्रमाण मात्र त्यात नाही; मिनारचे माप अंतराचे आहे.)

आम्ही तेच केले. १५१० ला तिसवाडीपुरती बारीक रेघ. १५४३ ला बारदेश व साष्टी आल्यावर ती जाड. पुढे दोनशेहून अधिक वर्षे तशीच. आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे असे भाग मिळत गेले तसा पट्टा फुगत जातो. पेडणे १७८८ मध्ये आले. त्या मुलाच्या गावाच्या वाट्याला ४५१ नव्हे, १७३ वर्षे येतात. त्याने ते स्वतः पट्टी लावून मोजले: साडेचौतीस सेंटिमीटर आणि वर एक रेघ.

एक अडचण राहिली. १६७४ ते १६८० एवढ्याशा जागेत नोंदी फार, आणि जागा सव्वा सेंटिमीटरही नाही. माप मोडायचे नाही असे ठरले होते, म्हणून तेथून तिरप्या बारीक रेघा काढून नोंदी वरच्या मोकळ्या जागेत नेल्या. पट्ट्यांच्या वर मराठी व खाली कन्नड अक्षरे घातली. पट सध्या ग्रंथालयाच्या जिन्यात लावला आहे. शेजारी खिळ्याला एक फूटपट्टीही टांगली आहे.