घरच्या घरी मोटारसायकलचा टायर बदलताना

उन्हाळी सुटीसाठी मुलांना न्यावयास पालक येतात, तेव्हा शाळेच्या पटांगणात मोटारसायकलींची रांग लागते. त्यांतील काही टायर इतके गुळगुळीत असतात, की खाचांतले झीज दाखविणारे उंचवटे वरच्या रबराच्या बरोबरीला आलेले दिसतात. त्याच गाडीवर मागे मूल बसणार असते. म्हणून वरच्या वर्गांतील मुलामुलींना आम्ही आऱ्यांच्या चाकाचा, ट्यूब असलेला टायर बदलावयास शिकवितो. ट्यूबलेस टायरचे काम मात्र दुकानातच करून घ्यावे.

चाक काढणे, व्हॉल्व्हमधील पिन काढून सगळी हवा सोडणे, ही कामे सोपी. अडते ते पुढे. टायरच्या कडेत पोलादी तार असते. ती ताणली जात नाही. रिमचा काठ तर त्या तारेच्या वेढ्याहून मोठा. मग टायर निघतो कसा? रिमच्या मध्यभागी खोलगट चर असतो. एका बाजूची कड पायाने दाबून त्या चरात उतरविली, की समोरच्या बाजूस तेवढीच ढिलाई मिळते आणि लिव्हर हलकेच उचलता येते. कड चरात नसेल, तर कितीही जोर लावा, लिव्हर वाकेल, टायर हलणार नाही. सम्यक व्यायाम म्हणजे काय, हे वर्गात समजावण्यास आम्हांस तास लागतो. येथे ते हातांना लगेच कळते.

नवा टायर बसविताना शेवटची वीतभर कड सर्वांत अवघड. आमच्या पहिल्या प्रयत्नात आम्ही तिथेच घाई केली. लिव्हर खोल गेली आणि कोऱ्या ट्यूबला छिद्र पडले. असे छिद्र आरंभी लक्षात आले तर बरे, भर रस्त्यात हवा गेली तर गाडी सावरत नाही. तेव्हापासून ट्यूबला आकार येण्यापुरती हवा भरतो, कडेस साबणाचे पाणी लावतो, व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवितो. आऱ्यांची टोके झाकणारी रबरी पट्टी आणि टायरवरील दिशेचा बाण आधीच पाहावा. बाजूवरील चार आकड्यांत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. १२२४ म्हणजे २०२४ चा बारावा आठवडा.

हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ सर्वत्र सारखी दिसली पाहिजे. मग ॲक्सलचा नट आवळावा, ब्रेक तपासावा. नव्या रबराची पकड आरंभी कमी असते, म्हणून पहिले शंभरएक किलोमीटर एकट्यानेच, सावकाश जावे. मुलाला आणण्याची फेरी त्यानंतर.