साहेबांना सीसीएनए कसं समजवाल?

मित्रांनो, इंटरव्ह्यूत समोरचे मॅनेजर कॉमर्सवाले असले, तर लगेच राउटिंग प्रोटोकॉल सुरू करू नका! सरळ सांगा, सिस्कोच्या परीक्षांच्या मुख्य पायऱ्या तीन. सीसीएनए झालेला छोट्या ऑफिसचं नेटवर्क जोडतो, साधे बिघाड काढतो. सीसीएनपीवाला अनेक शाखांचं नेटवर्क सांभाळतो. सीसीआयई तज्ज्ञांची, १९९३ पासून चालू, नुसती प्रॅक्टिकल ८ तासांची! तिन्हींची मुदत ३ वर्षं, नंतर रिन्यू करावं लागतं.

आणखी एक. २०२० पासून सीसीएनपीसाठी आधी सीसीएनए लागत नाही. म्हणून "सर, सर्टिफिकेटबरोबर हातचं कामही बघा" असं आपणहून सांगा. पायरी फुगवून सांगितली तर नोकरी मिळेलही. पण रात्री नेटवर्क डाऊन झालं की फोन आपल्यालाच येणार!